ड्रेनेज टेस्टचा रबरी फुगा: अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

सोसायटीसाठी ११० एमएमचा टेस्ट प्लग घेतला (ड्रेनेज पाइप आतून बंद करून गळती तपासायला), आमचा प्लंबर त्याला फुगाच म्हणतो. रबर एक नंबर आहे पण व्हॉल्व्हने जीव खाल्लाय. परवा टेस्ट चालू असताना परत हवा उतरली, सेलर म्हणतो रबर फाटलं तरच वॉरंटी.

वापरणाऱ्यांना माहितीय, खालच्या मजल्यावर डक्टमधल्या पाइपचं डोअर (साफसफाईचं झाकण) उघडून फुगा वर सरकवायचा, हवा भरायची आणि वरच्या बाथरूमच्या नहाणीतून (पाणी जायच्या जाळीतून) पाणी ओतून पातळीला खूण करायची. एका मजल्याचं ३ मीटर पाणी म्हणजे जेमतेम ०.३ बार, फुगा आरामात धरतो. पण व्हॉल्व्हच हळूहळू हवा सोडत असेल तर पाणी फुग्याच्या कडेने खाली जातं आणि ठणठणीत पाइपवर आळ येतो. वरचा मेंबर आणि खालचा मेंबर आधीच एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांना असा रिझल्ट कुठल्या तोंडाने दाखवायचा? दोन स्टारच्या वर द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं.

हे अर्धं लिहून ठेवलं आणि प्लंबरने व्हॉल्व्हमध्ये स्कूटरच्या ट्यूबची पिन बसवली, साइज तीच निघाली. फुगा पाइपच्या तुकड्यात घालून भरला (मोकळ्यावर पूर्ण हवा कधीच भरू नका, फुटतो), व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावला तर एक बुडबुडा नाही, सकाळपर्यंत गेजचा काटा जागेवर. दहा-वीस रुपयांच्या पिनसाठी कंपनीने एवढी चांगली वस्तू का बदनाम करावी?

कारण वस्तू खरंच चांगली आहे. एका फ्लॅटला कॉन्ट्रॅक्टर अख्खं बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग करा म्हणत होता. आम्ही नहाणी बंद करून लादीवर पाणी साठवलं, ते जसंच्या तसं राहिलं. नवी पिन टाकलेला फुगा लावून पाइप भरला तर पातळी उतरली आणि डक्टमध्ये पाइपच्या सॉकेटमधून (जॉइंटमधून) पाणी झिरपताना सगळ्यांनी बघितलं. जॉइंट उघडला तर आतली रबर रिंग दुमडलेली, बसवताना पाइपचं टोक न घासता तसंच ठोकलं होतं. एका लादीलाही हात न लावता काम झालं, त्या काकूंचा जीव भांड्यात पडला.

हवा सोडताना डोअरसमोर उभे राहू नका, घाण पाणी धाडकन अंगावर येतं, आणि फुग्याला दोरी बांधाच नाहीतर तो खाली चेंबरपर्यंत जाईल. आता चार स्टार. ७५ एमएमचाही घेणार आहे, पिन मात्र वापरायच्या आधीच बदलणार.