हुगिन-मुनिन: खांद्यावर बसलेले की उडणारे?

नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) पुराणकथांतला मुख्य देव ओडिन याचे दोन डोमकावळे, हुगिन म्हणजे विचार आणि मुनिन म्हणजे स्मृती. चित्रकार त्यांना बहुतेक वेळा खांद्यांवरच बसवतात. 18 व्या शतकातल्या एका आइसलँडिक हस्तलिखितातही ते ओडिनसोबत दिसतात. ही मांडणी सोपी, ओळखही लगेच पटते. गळ्याखालची दाढीसारखी पिसं आणि जाड चोच जवळून रंगवता येते. पण कोण विचार, कोण स्मृती? दोन्ही काळे, दोन्ही सारखेच, शोभेच्या बाहुल्यांसारखे.

उडणारे रंगवणं कठीण. पंखांचं गणित चुकलं की घार होते. पाचरीसारखी शेपटी जमली तरच पक्षी ओळखू येतो. तरी माझा कौल यालाच. जुन्या एडिक काव्यात, म्हणजे नॉर्स देवकथांच्या कवितांत, ओडिन म्हणतो, हुगिन परतेल ना याची धास्ती वाटते, पण मुनिनची जास्त. म्हणजे एक पक्षी जवळ, ठसठशीत. दुसरा दूर, धुक्यात अर्धा विरलेला. बसलेल्या जोडीत ही धाकधूक येणार कुठून?

काळा मात्र ट्यूबमधला नको, फार मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तपकिरी रंग मिसळा. हुगिनकडे निळा थोडा जास्त, मुनिनकडे तपकिरी.