फिल्मफ्रीवेवर आठ महिने: १४ प्रवेशिका, ४३७ डॉलर आणि नाशिकची एक प्रेक्षक

परवा माझ्या शॉर्टफिल्मला महोत्सवांकडून नववा नकार आला. सकाळी मेल पाहिली, डबे भरले, मुलीला बसस्टॉपवर सोडलं आणि तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून लिहून टाकते.

फिल्मफ्रीवे म्हणजे महोत्सवांना फिल्म पाठवायची वेबसाइट, जास्त सांगत बसत नाही. शॉर्टफिल्म करणाऱ्या प्रत्येकाचं तिथं खातं असतंच आणि २०१९ मध्ये विदाउटअबॉक्स या तसल्याच जुन्या साइटने गाशा गुंडाळल्यापासून दुसरीकडे जायला फारशी जागाही उरलेली नाही. माझी फिल्म १७ मिनिटांची, मराठी, न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्याच अपार्टमेंटमध्ये तीन वीकेंडमध्ये उरकलेली. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा, सगळे कामाला गेल्यावर दिवसभर घरात एकटे. इतकीच गोष्ट. तेव्हा पाठवायची ती आशियाई डायस्पोराच्या महोत्सवांनाच, उगाच सगळीकडे अक्षता वाटत फिरायचं नाही, असं नवऱ्याला कबूल केलं होतं.

या महोत्सवांचं पंचांग एकदा पाठ झालं की सोपं आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा कॅमफेस्ट आणि लॉस एंजेलिसचा एशियन पॅसिफिक हे दोन्ही मे महिन्यात. न्यूयॉर्कचा एशियन अमेरिकन इंटरनॅशनल १९७८ पासूनचा, यातला सगळ्यात थोरला, तो जुलै-ऑगस्टच्या सुमारास. टोरांटोचा रील एशियन आणि व्हँकुव्हरचा, दोघंही १९९७ चे, नोव्हेंबरात. म्हणजे मेमध्ये फिल्म लागावी असं वाटत असेल तर आदल्या दिवाळीत फराळाबरोबर फॉर्म भरायला घ्यायचा. मी जागी झाले जानेवारीत. तोवर अर्ली बर्ड, म्हणजे लवकर भरणाऱ्यांची स्वस्त फी, उडून गेलेला.

आणि पैसे तिथंच जातात. एका ठिकाणी अर्ली बर्ड २५, रेग्युलर ३५, लेट ४५, एक्स्टेंडेड ५५. तीच फिल्म, तीच १७ मिनिटं. ५५ डॉलरमध्ये आमचा आठवड्याचा भाजीपाला येतो आणि वर तुपाची एक बरणी. एका महोत्सवाला (नाव लिहीत नाही) मी रात्री पावणेबाराला ४५ डॉलर भरले. त्या घाईत सबटायटल्स नीट तपासली नाहीत, 'चहा निवला' चं भाषांतर अर्धवटच राहिलं. सकाळी मेल: मुदत दोन आठवड्यांनी वाढवली आहे, फी तीच! रिफंड मागितला. तीन मेल्सनंतर उत्तर आलं की नियमावलीतला सातवा मुद्दा वाचावा. वाचला. फी परत मिळत नाही, असं आहे त्यात.

पण माझं खरं डोकं फिरलं ते आकड्यांमुळे. फिल्म मी थेट फिल्मफ्रीवेवर चढवली नव्हती, व्हिमिओ या व्हिडिओ साइटची पासवर्डवाली लिंक दिली होती. कारण एकच: व्हिमिओ दाखवतं की कोणत्या देशातून किती वेळा पाहिली आणि सरासरी किती वेळ पाहिली. ज्यांना कोणाला ही सवय लागलेली नाही त्यांनी लावून घेऊ नये. मी रात्री दोनला उठून, पाणी प्यायला म्हणून, फोनवर तो आलेख बघायचे. अमेरिकेतून एक: ५ मिनिटं ५२ सेकंद. हा कोण? पाच मिनिटं बावन्न सेकंदांना काय झालं होतं? मी फिल्म उघडून बघितली. आजोबा थर्मोस्टॅटसमोर उभे आहेत, बस. तिथं कोणी का सोडावी?

मग मार्चमध्ये आलेख एकदम उसळला. भारत: ३१. भारतातला महोत्सव तर यादीत एकही नाही. पासवर्ड तिकडे एकाच व्यक्तीकडे होता. फोन लावला.

"अगं हो, मीच बघते," आई म्हणाली. "दुपारी जेवण झालं की लावते. तो चहा निवतो ना त्यांचा, तिथं मला रोज रडू येतं. का गं, बिल येतं का त्याचं?"

बिल नाही येत. पण माझे आकडे नासले होते, म्हणून मी व्हिमिओवरचा पासवर्ड बदलला. आईला सांगितलंच नाही. तिलाही वाटलं, बंद झाली असेल.

त्यानंतर पाच आठवडे शून्य. एकही व्ह्यू नाही. सहा महोत्सव, दोनशेच्या घरात डॉलर, आणि कोणी उघडूनही बघत नाही? मी इथंच एक जळजळीत पोस्ट लिहून ठेवली होती, 'तुमची फी खातात, फिल्म बघत नाहीत' वगैरे. टाकण्याआधी त्यातल्या एकाला मेल करून जाब विचारला. दुसऱ्याच दिवशी अगदी नम्र उत्तर: तुमचा पासवर्ड चालत नाही, आम्ही दोनदा कळवलं आहे. दोन्ही मेल्स प्रमोशन्समध्ये पडून होत्या, एक कुर्त्यांच्या सेलच्या खाली. व्हिमिओवर बदललेला पासवर्ड फिल्मफ्रीवेच्या प्रोजेक्टमध्ये बदलायचा असतो, हे मला सुचलंच नव्हतं. ती पोस्ट खोडली.

तेव्हापासून मत जरा मवाळ झालंय. शिवाय उन्हाळ्यात एका छोट्या महोत्सवासाठी मीच पहिल्या फेरीच्या फिल्म्स बघायला बसले, फुकटात. ४० फिल्म्स, मुलगी झोपल्यावर. बाविसावी मी सहाव्या मिनिटाला बंद केली. सबटायटल्स इतकी भराभर पळत होती की वाचू की बघू असं झालं. बंद केल्यावर आठवलं, ५ मिनिटं ५२ सेकंद. माझीही तिथं तीन ओळींची एकच सबटायटल आहे. ती दुसऱ्या दिवशी फोडून दोन केली. (काही परीक्षक फिल्म डाउनलोड करून बघतात, तेही व्ह्यूमध्ये धरलं जात नाही, हे तिथंच कळलं.)

दोन ठिकाणी निवड झाली, ते सांगायचं राहिलंच. एकांनी डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरला लागणारी फाइल, मागितली. एका स्टुडिओने २०० डॉलर सांगितले. मी डीसीपी-ओ-मॅटिक उतरवून घेतलं, ते फुकट आहे, आणि लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सचं २४ करताना १७ मिनिटांत एक सेकंद कमी होतो. कुणाच्या बापाला कळत नाही. मंडळाच्या काकांनी गणपतीत दाखवायला मागितली, तर मी आधी सगळ्या महोत्सवांचे प्रीमियरचे नियम (फिल्म आधी दुसरीकडे दाखवलेली चालते का) वाचले. शॉर्टफिल्मबद्दल बहुतेकांना काही पडलेली नव्हती. दाखवली, आरतीनंतर, आवाज फुटत होता.

हिशेब: १४ पाठवल्या, २ निवड, ९ नकार, ३ अजून 'अनडिसायडेड'. फिल्मफ्रीवेला पाचपैकी चार देते. वर्षाच्या गोल्ड सदस्यत्वाच्या भानगडीत आधी पडू नका, तुमच्या यादीतले महोत्सव सवलत देतात का ते बघा. आणि फिल्म थेट तिथंच चढवा, आकडे बघायचा नाद नको.

आईला वेगळी लिंक करून दिली आहे. काल रात्रीपर्यंत ४४.