पीएमपी, प्रिन्स2 की स्क्रम? तिन्ही परीक्षा दिल्यावरचं माझं मत

सगळे विचारतात प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं कोणतं सर्टिफिकेट करू, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पहिली गल्लत इथेच होते, पीएमपी ही कामाची पद्धत नाहीये, ती पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेची परीक्षा आहे, त्यात आधी सगळं ठरवून मग करायची पारंपरिक पद्धतही येते आणि मी दिली तेव्हा जवळपास निम्मं अजाईल (छोट्या टप्प्यांत, बदल करत काम) आणि हायब्रिड (दोन्हींची सरमिसळ) होतं. प्रिन्स2 ही मात्र खरोखरची पद्धत, 7 तत्त्वं, 7 प्रोसेस, कोणी कशावर सही करायची सगळं ठरलेलं. कागद फार, पण त्यातली एक गोष्ट मला जाम आवडली, प्रोजेक्ट करायचं मूळ कारणच संपलं तर प्रोजेक्ट थांबवा, असं ती सरळ सांगते. आमच्याकडे हे बोलायची कोणाची हिंमत नाही!

स्क्रम म्हणजे अजाईल कामाचीच एक चौकट, त्यात मी पीएसएम वन (प्रोफेशनल स्क्रम मास्टरची पहिली पायरी) केलं. क्लासची सक्ती नाही, स्क्रमचे नियम सांगणारी स्क्रम गाइड फुकट आणि जेमतेम 13 पानांची, म्हटलं एका संध्याकाळी उरकू. कसलं काय, 60 मिनिटांत 80 प्रश्न आणि पास व्हायला 85 टक्के. डेली स्क्रम (रोजची छोटी बैठक) कोणाचा, तर डेव्हलपर्सचा, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा, आणि मी इतकी वर्षं रोज सकाळी हजेरी घेतल्यासारखा एकेकाला विचारत होतो काल काय केलं. सीएसएम या स्क्रमच्याच दुसऱ्या सर्टिफिकेटला क्लास करावाच लागतो आणि दर 2 वर्षांनी रिन्यू, पीएसएमला ती कटकट नाही.

पीएमपीत परीक्षेपेक्षा अर्जानेच घाम काढला. डिग्री असेल तर 36 महिने प्रोजेक्ट लीड केल्याचा अनुभव, वर 35 तासांचं ट्रेनिंग. अनुभव लिहायला बसलो तर सगळीकडे 'टीमने केलं', मी नक्की काय केलं ते कुठेच नाही, चार वेळा खोडून लिहिलं. मी दिली तेव्हा परीक्षेत 230 मिनिटांत 180 प्रश्न होते, मध्ये दोन ब्रेक, आणि ब्रेक घेतला की मागच्या प्रश्नांवर परत जाता येत नाही, मी खूण करून ठेवलेले 6 प्रश्न तसेच राहिले. चूक माझीच.

ट्रेनिंगवाल्यांचं नाव घेत नाही, पण नुसते प्रश्न पाठ करून घेणारा क्लास असेल तर लांब राहा.

नवीन असाल आणि सॉफ्टवेअरमध्ये असाल तर पीएसएम करून मोकळे व्हा. पीएमपी अनुभव झाल्यावरच. प्रिन्स2 तुम्हाला हव्या त्या नोकऱ्यांच्या जाहिरातीत दिसत असेल तरच. आणि हो, पीएमपी टिकवायला 3 वर्षांत 60 पीडीयू (शिकत राहिल्याचे पॉइंट) लागतात, माझे अजून 41 बाकी आहेत.