नाशिकच्या कॅनडा कॉर्नरचं डिजिटल प्रिंटचं दुकान : नकाशा छापायचा असेल तर इथेच या

एनसीसीच्या पोरांसाठी मी दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या ३१व्या डिव्हिजनवर (म्हणजे सैन्याच्या एका मोठ्या तुकडीवर) छोटी मराठी पुस्तिका केलीये, मध्ये ए-थ्री रंगीत नकाशा, आणि ती कॅनडा कॉर्नरच्या गल्लीतल्या दुकानात छापून घेतली. काम एक नंबर झालंय.

खरी कसोटी नकाशाची होती कारण या डिव्हिजनची सगळी गोष्टच डोंगरांची आहे. १९४३ला बँकॉकमध्ये उभी राहिली, ५८, १२४ आणि १३८ या तीन रेजिमेंट, कमांडर सातो, आणि १५ मार्च १९४४ला ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून निघाली ती थेट नागालँडमधल्या कोहिमाकडे, सोबत रेशन फक्त तीन आठवड्यांचं! डोंगर दिसलेच नाहीत तर पोरांना काय कळणार उपासमार का झाली ते. साध्या कागदावर सँपल काढल्यावर काउंटरवरचे काका स्वतःच म्हणाले, "सर, डोंगराचा तपकिरी रस्त्यात मिसळतोय, १३० जीएसएमच्या जाड, गुळगुळीत आर्ट पेपरवर घेऊ." घेतला, आणि एकेक रांग सुटी दिसायला लागली. कोहिमा नेमकं घडीवर येत होतं तर नकाशा जरा सरकवून घ्या हेही त्यांनीच सांगितलं, वर क्रीझिंग (घडीच्या जागी आधीच खाच) करून दिलं म्हणजे घडीवर शाई तडकत नाही.

कोहिमाच्या वाटेवरच्या, मणिपूरमधल्या सांगशाकचा ठिपका मी मुद्दाम मोठा करायला लावला. २२ ते २६ मार्च तिथे ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने याच डिव्हिजनच्या जनरल मियाझाकींची माणसं अडवून धरली आणि ब्रिगेडसोबत आपली ४/५ मराठा ही पलटण पण होती, हे देवळालीच्या शेजारी राहणाऱ्या पोरांना माहीत असायलाच हवं ना. जपान्यांचे ते दिवस तिथे अडकण्यात गेले नसते तर कोहिमाला तयारीला वेळच मिळाला नसता.

परतीचे बाण निळ्या तुटक रेघेत आलेत, एकदम स्वच्छ. कोहिमाचा वेढा फसला, मागून धान्य नाही, दारूगोळा नाही, वरून सातोंचे वरिष्ठ जनरल मुतागुचींचा हुकूम की जागा सोडायची नाही, आणि मेअखेरीस सातोंनी हुकूम मोडून माणसं मागे घेतली. जपानी सैन्यात डिव्हिजन कमांडरने असं करणं म्हणजे केवढी गोष्ट! त्यांना पदावरून काढलं, वेडं ठरवून कोर्ट मार्शलही टाळलं. मला विचाराल तर त्या हुकूमशाहीत सगळ्यात शहाणा निर्णय त्यांचाच होता. उरलेली डिव्हिजन १९४५ला ब्रह्मदेशात इरावती नदीवर परत लढली, तो भाग नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत बसवलाय.

रेट बाजारापेक्षा थोडा जास्त आहे पण वाजवी. पार्किंगचे हाल आहेत, टू व्हीलरच न्या. फाइल पीडीएफ करूनच द्या, वर्ड फाइल दिली की जोडाक्षरं फुटतात, आधी एका दुसऱ्या दुकानात माझ्या 'चिंदविन' या शब्दाचे पार तुकडे झाले होते. आणि संध्याकाळी प्रोजेक्टवाल्या कॉलेजच्या पोरांची गर्दी असते, सकाळी गेलात तर काका निवांत बसून प्रूफ दाखवतात.