कबांची नोंद कशात ठेवावी: ॲप, शीट की गळ्यातला पुठ्ठा?

जुलै लागला की ज्यांच्या हाती नवा कब पॅक, म्हणजे स्काउटमधल्या लहान मुलांचा गट, आलेला असतो अशा दोघा-तिघांचे फोन येतात. कबमास्टरचा बेसिक कोर्स झालेला असतो, मुलं जमलेली असतात, पालक उत्साहात असतात. विचारायचं असतं ते बहुधा एकच: कोणत्या मुलाचं काय झालं, काय राहिलं, हे तुम्ही कशात लिहिता? फोनवर पाच मिनिटांत हे सांगून होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझा पॅक इंदूरला लोकमान्य नगरातल्या एका बगीच्यात दर रविवारी सकाळी भरतो. चोवीस मुलं, चार सिक्स, म्हणजे सहा-सहांच्या चार तुकड्या. निम्म्यांच्या घरी मराठी, निम्म्यांच्या घरी हिंदी, आणि बगीच्यात दोन्हींची खिचडी. शाळेचा पॅक नाही, त्यामुळे वर्ग नाही, फळा नाही, शिपाई नाही. जे काही लागेल ते पिशवीतून न्यायचं आणि पिशवीतून परत आणायचं. मी पहिली दोन वर्षं ऑनलाइन शीट वापरली, मध्ये तीन-चार महिने एक विदेशी ॲप वापरून पाहिलं, आणि गेली तीन वर्षं पुठ्ठा वापरतो आहे. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकेल, हे आधीच सांगतो.

आधी एक गाठ सोडवून घेऊ. कार्यक्रम आखणं आणि प्रगती नोंदणं ही दोन कामं आहेत, आणि दोन्हींना एकच साधन हवं असा हट्ट धरू नका. मी तो धरला होता आणि त्यात एक वर्ष गेलं.

आखणीसाठी शीटला तोड नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पहिली खूण मात्र मी भिंतीवरच्या कालनिर्णयवरच करतो, कारण इंदूरचं वर्ष सणांनी बांधलेलं आहे. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. दुसऱ्या दिवशी रविवार आला तर पॅक बोलावण्यात अर्थ नाही, मुलं झोपलेली असतात. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असते, त्या आठवड्यात गणवेश स्वच्छ दिसण्याची आशा सोडावी. अर्धवार्षिक परीक्षा, वार्षिक परीक्षा, डिसेंबर-जानेवारीत सातचा पॅक साडेआठला नेणं, हे सगळं कालनिर्णयवर गोल करून झालं की उरलेले रविवार शीटमध्ये उतरतात. प्रत्येक रविवारापुढे एक पळापळीचा खेळ, एक बसून करायचं काम, एक गोष्ट, आणि पाऊस आला तर काय. एवढ्या लहान मुलांचं लक्ष दहा-पंधरा मिनिटांपलीकडे एका गोष्टीवर टिकत नाही, त्यामुळे हे चार तुकडे आधी ठरलेले नसले की तासातली शेवटची वीस मिनिटं हातातून निसटतात.

शीटचा खरा फायदा दुसऱ्या वर्षी कळतो. मी शेवटचा रकाना 'काय चुकलं' असा ठेवला आहे. सिरपूर तलावावर पक्षी बघायला गेलो होतो, त्या ओळीत लिहिलं आहे: 'दुर्बिणी दोन, मुलं चोवीस. रांगेतच वेळ गेला. पाणकावळे दुर्बिणीशिवायही दिसतात, आधी ते दाखवावेत.' पुढच्या वर्षी ती ओळ उचलून खाली घेतली आणि सहल निम्म्या कष्टात पार पडली. हे काम वहीत होतं, पण वहीत जुनं पान शोधावं लागतं.

आता नोंदीकडे येतो, कारण माझा निर्णय तिथे झाला.

ॲपचं थोडक्यात सांगतो. परदेशातल्या स्काउटिंगसाठी बनलेली ॲप दिसायला फार सुरेख असतात. मी वापरलेलं ॲपही तसंच होतं. अडचण अशी की त्यांचा सांगाडा त्यांच्या अभ्यासक्रमाचा असतो. अमेरिकेत कब इयत्तेप्रमाणे पुढे सरकतो: पहिलीत टायगर, दुसरीत वुल्फ, तिसरीत बेअर, आणि शाळेचं वर्ष बदललं की तोही बदलतो. ब्रिटनमध्ये कब सुरूच आठव्या वर्षी होतो. आपल्याकडे तो पाच ते दहा वर्षांचा असतो, आणि प्रवेश, प्रथम चरण, द्वितीय, तृतीय, चतुर्थ, मग गोल्डन ॲरो हा शेवटचा पुरस्कार, अशी टप्प्याटप्प्यांची वाट ज्याच्या त्याच्या गतीनं चालतो. एकाच सिक्समध्ये माझ्याकडे प्रवेशातला दुसरीतला मुलगा आणि द्वितीय चरणातला पहिलीतला मुलगा शेजारी शेजारी बसतात. ॲपला हे समजावण्यात माझे तीन महिने गेले आणि शेवटी मी सगळी नावं बदलून, निम्मे रकाने रिकामे ठेवून ते चालवत होतो. बुलबुलांचे, म्हणजे त्याच वयाच्या मुलींचे, कोमल पंख, रजत पंख हे टप्पे तर त्यात बसवणं अवघडच. आपल्या अभ्यासक्रमावर नीट बेतलेलं ॲप तुम्हाला मिळालं तर माझं हे मत बाजूला ठेवा.

शीटमध्ये ही अडचण नाही, रकाने आपलेच असतात. चोवीस मुलं आणि एका चरणात पंधरा गोष्टी धरल्या तर तीनशे साठ चौकटी होतात. त्या रंगवल्या की एका नजरेत दिसतं कोण कुठे आहे. गोल्डन ॲरोच्या अर्जाच्या वेळी तारखा लागतात, त्या शीटमध्ये क्षणात मिळतात. दोन वर्षं मी याच कारणांनी खूष होतो.

मग रीफ नॉटचा, म्हणजे दोन दोऱ्या जोडायच्या गाठीचा, प्रसंग घडला. लिहायला आजही जड जातं, पण माझा निर्णय त्यावरच झाला, म्हणून पूर्ण सांगतो.

एक सहा वर्षांचा मुलगा होता. त्याची गाठ चार रविवार चुकत होती. आम्ही एक लाल आणि एक पांढरी अशा दोन दोऱ्या देतो, म्हणजे कुठली कशावरून गेली ते दिसतं. उजवी डावीवरून, मग डावी उजवीवरून, हे तो तोंडानं बरोबर म्हणायचा, पण दुसऱ्या वेळी हात पुन्हा उजवीच वर न्यायचा. मग गाठीची टोकं आडवी बाहेर यायची आणि ओढलं की ती सरकायची. पाचव्या रविवारी त्यानं बांधली ती सपाट बसली, दोन्ही टोकं आपापल्या दोरीला चिकटून. मी ओढून पाहिली, हलली नाही. मी म्हटलं, "पक्की! झाली तुझी." तो दोन्ही दोऱ्या गळ्यात घालून बगीचाभर पळून आला.

त्या रात्री घरी पाहुणे होते. शीट उघडायला अकरा वाजले. चोवीस मुलांचा तास आठवत आठवत मी खुणा केल्या आणि त्याची राहिली. तीन आठवड्यांनी मी शीट पाहून त्याला बोलावलं, "ये, रीफ नॉट राहिली आहे तुझी." तो म्हणाला, "सर, मी तर बांधून दाखवली होती ना." मी म्हटलं, "मग परत दाखव." एवढ्या दिवसांनी हात पुन्हा चुकीच्या बाजूला गेला. तो काही बोलला नाही, दोऱ्या ठेवल्या आणि मागे जाऊन बसला. पुढच्या रविवारी आला नाही. फोन केला तेव्हा त्याच्या आईनं सांगितलं, "तो म्हणतो, सरांच्या लक्षातच राहत नाही."

चूक माझी होती, शीटची नाही. पण ती चूक होण्याची जागा शीटनंच तयार केली होती. काम सकाळी आठला होतं आणि नोंद रात्री अकराला. मधल्या पंधरा तासांत जे गळतं ते नेहमी त्याच मुलांचं गळतं, जी आवाज करत नाहीत. धीट मुलाची नोंद राहिली तर तो स्वतः येऊन हक्कानं सांगतो.

तुम्ही म्हणाल, मग बगीच्यातच फोनवर खूण करा. सहा महिने तेही केलं. उन्हात पडदा दिसत नाही, चौकट एवढीशी, बोट शेजारच्या नावावर पडतं. ते सगळं सहन होतं, पण फोन हातात आला की मुलं भोवती गोळा होतात, "सर, काय आहे दाखवा ना," आणि मी मान खाली घातलेल्या अर्ध्या मिनिटात लाल सिक्स झाडावर असतो. सर फोनकडे बघत असले की आपल्याकडे बघत नाहीत, एवढंच त्या वयाच्या मुलाला कळतं.

भिंतीवरच्या तक्त्याचाही विचार झाला होता. शाळेचा पॅक असेल आणि वर्ग मिळत असेल तर चिकट ताऱ्यांचा तक्ता लावण्याचा मोह होतो. मी एका कम्युनिटी हॉलमध्ये पावसाळाभर लावला होता. मुलांना तो आवडला. पालक मात्र मुलाला घ्यायला आले की आधी तक्त्यापुढे उभे राहायचे आणि दोन नावांमधलं अंतर मोजायचे. कबचं ब्रीद 'कोशिश करो' असं आहे. त्याची स्पर्धा कालच्या स्वतःशी असते. तक्ता ती शेजारच्याशी लावून देतो. पावसाळा संपला तसा मी तो काढला आणि परत लावला नाही.

आता पुठ्ठा. ही माझी शोधलेली गोष्ट नाही. पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात कोर्सला गेलो असताना निरनिराळ्या ठिकाणच्या कबमास्टरांच्या पिशव्या पाहिल्या, त्यात एकाकडे असं काहीतरी होतं. मी त्यात थोडा बदल केला.

वहीच्या पानाएवढा जाड पुठ्ठा घ्यायचा; बुटांच्या खोक्याचा उत्तम. एका सिक्सला एक, म्हणजे चार पुठ्ठे. वर सहा नावं, डावीकडे कामांची यादी, हातानं आखून झेरॉक्स काढायची आणि चिकटवायची. वरच्या दोन कोपऱ्यांत भोकं पाडून सुतळी ओवायची, म्हणजे गळ्यात अडकतो आणि हात मोकळे राहतात. सुतळीलाच आखूड पेन्सिल बांधायची. पेन नको, दवानं शाई पसरते.

खुणेची पद्धत महत्त्वाची आहे. मूल एखादी गोष्ट शिकू लागलं की मी चौकटीत एक तिरपी रेघ मारतो. जमली की पेन्सिल त्याच्या हातात देतो, आणि दुसरी तिरपी रेघ तो स्वतः मारतो. फुली पूर्ण झाली की खाली मी बारीक तारीख घालतो. एवढंच. यामुळे काम आणि नोंद यांच्यात एक मिनिटही पडत नाही, आणि 'मी दाखवली होती ना' हा प्रश्नच उरत नाही, कारण रेघ त्याच्या हातची असते. पाच वर्षांच्या मुलाची रेघ चौकटीबाहेर जाते, शेजारच्या चौकटीत घुसते, जाऊ द्यावी. तीन वर्षांत मला एकदाही अशी रेघ वाचताना अडचण आली नाही.

स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1916 मध्ये ब्रिटनमध्ये लहान मुलांचे वुल्फ कब सुरू केले तेव्हा पहिला तारा, दुसरा तारा अशा पायऱ्या होत्या, आणि ते तारे मुलाच्या टोपीवर लागत. लांडग्याच्या पिल्लाचा एक डोळा उघडला, मग दुसरा उघडला, असा त्याचा अर्थ. नोंद पहिल्यापासून मुलाच्या अंगावर होती, हे वाचल्यावर मला माझ्या पुठ्ठ्याचं थोडं बळ वाटलं.

पुठ्ठ्याचे तोटेही आहेत. तो हरवतो. पाताळपाणीच्या सहलीत हिरव्या सिक्सचा गेला तो गेलाच. तेव्हापासून पॅक सुटला की चारही पुठ्ठे बाकावर मांडून फोटो काढतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरात घालावा लागतो आणि मग प्रत्येक रेघेला बाहेर काढावा लागतो, ते कटकटीचं आहे. आणि तारखा शोधायच्या असतील तर पुठ्ठा निरुपयोगी. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मी चारही पुठ्ठे शीटमध्ये उतरवतो. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे शीट माझ्याकडे आजही आहे, फक्त ती आता दुसऱ्या हातची नकल आहे.

हे सगळं सांगितल्यावर आमच्या ओळखीच्या एका बुलबुल फ्लॉकच्या, म्हणजे मुलींच्या गटाच्या, ताईंचं म्हणणं सांगायलाच हवं, कारण त्या शीटवर समाधानी आहेत आणि त्यांचा फ्लॉक माझ्या पॅकपेक्षा शिस्तीत चालतो. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या हाताखाली कोणी नाही, म्हणून तुम्हाला पुठ्ठा लागतो. माझ्याकडे दोन सहायक आहेत. एक मुलींबरोबर असते, दुसरी तिथल्या तिथे शीट भरते." त्यांचं बरोबर आहे. शाळेचा फ्लॉक, ठरलेला तास, बसायला बाक, आणि नोंद करणारी व्यक्ती वेगळी असेल तर शीट उत्तम चालेल. दोन ठिकाणी दोन पॅक असतील आणि महिन्याला आकडे एकत्र लागत असतील तर पुठ्ठ्यांचा ढीग सांभाळणं जिकिरीचं होईल, तिथेही शीटच घ्या.

पण तुम्ही एकटे असाल, बगीच्यात असाल, आणि मुलं सहा-सात वर्षांची असतील, तर पहिल्या वर्षी तरी पुठ्ठा करून बघा. पुठ्ठा, झेरॉक्स, सुतळी, पेन्सिली, सगळं मिळून पन्नास रुपयांच्या आत होतं. यादी एकदम पूर्ण चरणाची लिहू नका. सहा-सात ओळीच लिहा आणि त्या भरल्या की नवा कागद चिकटवा, म्हणजे रिकाम्या चौकटी बघून मुलं दबत नाहीत.

तो मुलगा परत आला. मी घरी जाऊन त्याला सांगितलं होतं की त्यानं गाठ बांधली होती, माझंच लिहायचं राहिलं. पुठ्ठा सुरू केला त्या रविवारी पहिली पेन्सिल त्याच्या हातात दिली. आता तो पांढऱ्या सिक्सचा सिक्सर, म्हणजे तुकडीप्रमुख, आहे. नव्या मुलांना दोऱ्या तोच देतो, आणि गाठ सपाट बसली की मला हाक मारायच्या आधी पुठ्ठा आणून ठेवतो.