मेपल लीफ्सच्या सामन्याची तिकिटे परस्पर विकत घेणाऱ्यांसाठी

टोरंटो मेपल लीफ्स आणि मॉन्ट्रिअल कॅनेडियन्स या कॅनडातील आइस हॉकी संघांचा सामना शनिवारी रात्री असला की टोरंटोच्या स्कोशियाबँक अरीनातील जवळजवळ १९,००० जागा भरून जातात. लीफ्सना १९६७ नंतर स्टॅन्ली कप हा हॉकीतील विजेतेपदाचा करंडक जिंकता आलेला नाही, तरी मागणी ओसरत नाही. त्यातच पुष्कळशा जागा हंगामी तिकीटधारकांकडे, म्हणजे संपूर्ण हंगामाची तिकिटे आधीच घेतलेल्यांकडे, असल्यामुळे इतर चाहत्यांना पुनर्विक्रीवर विसंबावे लागते, आणि ठकांचे फावते ते इथेच.

माझी गाठ पडली त्या विक्रेत्याने आपण हंगामी तिकीटधारक असून घरातील आजारपणामुळे दोन्ही तिकिटे मूळ किमतीलाच देत असल्याचे सांगितले. त्याने दिलेले विभाग, रांग आणि खुर्च्यांचे क्रमांक अरीनाच्या नकाशाशी तंतोतंत जुळत होते. (तो नकाशा अर्थातच कोणालाही पाहता येतो.) ३२० कॅनेडियन डॉलर त्याने इंटरॅक ई-ट्रान्सफरने, म्हणजे कॅनडातील बँक खात्यांतून ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सोयीने, मागितले. पैसे घेणाऱ्याने ऑटो-डिपॉझिटची सोय करून ठेवली असेल, तर अशा व्यवहारात सुरक्षा-प्रश्न विचारला जात नाही, रक्कम थेट खात्यात जमा होते आणि पाठवणाऱ्याला ती रद्द करता येत नाही. त्याने ती सोय करून ठेवलेली होतीच. पैसे पोहोचताच बारकोडचे दोन स्क्रीनशॉट आले आणि सोबत निरोप आला की तिकिटांच्या ॲपमधून ती पाठवताना अडचण येत आहे, तेव्हा हेच दारावर दाखवावेत.

दारावरच्या यंत्राने ते स्वीकारले नाहीत. तेथील कर्मचारी महिलेने सौजन्याने समजावून सांगितले की खऱ्या तिकिटाचा बारकोड फोनच्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलत असतो, त्यामुळे त्याचे चित्र निरुपयोगी ठरते. शेजारच्या रांगेत कॅनेडियन्सच्या लाल जर्सी घातलेल्या बापलेकांनाही अडवले होते, आणि त्यांच्या फोनवर आमच्याच खुर्च्यांचे क्रमांक होते.

खरा विक्रेता ॲपमधूनच तिकीट आपल्या नावे करतो. ते स्वीकारले की आपल्या खात्यात नवा बारकोड तयार होतो आणि त्याच्याकडचा रद्द होतो. याला फार वेळ लागत नाही, म्हणून 'अडचण येत आहे' हे ऐकताच व्यवहार थांबवावा. तिकीट पाठवल्याचा केवळ ईमेल आला म्हणूनही पैसे देऊ नयेत, कारण तसे बनावट ईमेल सहज तयार करता येतात. त्यातील दुव्यावर न जाता ॲप स्वतः उघडून तिकीट आपल्या खात्यात दिसते का, ते पाहावे. शक्यतो संघाच्या अधिकृत पुनर्विक्रीतूनच, क्रेडिट कार्डाने खरेदी करावी. तेथे भाव चढे असतात हे खरे, परंतु सामना सुरू होण्याच्या सुमारास ते पुष्कळदा उतरतात.

रक्कम मी स्वतः पाठवलेली असल्यामुळे बँकेने भरपाई नाकारली. पोलिसांकडे आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार नोंदवताना विक्रेत्याशी झालेले संभाषण व ई-ट्रान्सफरची पावती उपयोगी पडली. पैसे गेल्यानंतर त्याने संभाषणासाठी वापरलेले खाते लगेच बंद केले होते, त्यामुळे संभाषणाची प्रत व्यवहार चालू असतानाच जपून ठेवावी.