विभागाच्या क्लस्टरचं स्क्रॅच: लस्टर की बीजीएफएस?

क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणारे अनेक संगणक, म्हणजे नोड. त्यावर प्रत्येकाच्या कायमच्या फाइलींची जागा, होम, एनएफएसवर (एका सर्व्हरवरची जागा नेटवर्कने सगळ्या नोडांना देणारी पद्धत) ठेवायची, यावर फारसा वाद होत नाही. कोड, जॉब स्क्रिप्ट, प्रबंधाचा मसुदा एवढ्यासाठी एक सर्व्हर आणि रात्रीचा बॅकअप पुरतो. अडतं ते स्क्रॅचपाशी, म्हणजे चालू जॉबांच्या मोठ्या, तात्पुरत्या फाइलींच्या सामायिक जागेपाशी. तिथे सगळे नोड एकाच वेळी लिहायला लागले की तोच एनएफएस सर्व्हर धापा टाकतो. अनेक सर्व्हरवर फाइली वाटून ठेवणारं आयबीएमचं जीपीएफएस उत्तम आहे, पण त्याच्या लायसन्सचा खर्च खरेदी समितीकडून मंजूर करून घेणं प्रत्येक विभागाला जमत नाही. त्यामुळे तीस-चाळीस नोडांच्या क्लस्टरला शेवटी त्याच जातीचे दोनच पर्याय उरतात: लस्टर आणि बीजीएफएस. मी विद्यापीठाच्या विभागात दोन्ही चालवली आहेत. पुढचं सगळं त्या अनुभवावरून आहे, बेंचमार्कवरून नाही.

लस्टरची परंपरा मोठी. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात पीटर ब्राम यांनी ते सुरू केलं. पुढे सन, ओरॅकल, व्हॅमक्लाउड, इंटेल आणि २०१८ पासून डीडीएन, असे कितीतरी हात बदलले, तरी ते टिकलं, कारण सगळा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला होता. उद्या मालकाने रस सोडला तरी कोड कुठे जात नाही, हा दिलासा मला फार मोलाचा वाटतो. शिवाय सी-डॅकच्या परम मालिकेतल्या महासंगणकांमुळे पुण्यात लस्टर कोळून प्यालेली माणसं आहेत. रात्री काही अडलं तर फोन करून विचारता येतं.

बीजीएफएसचा जन्म जर्मनीतला, काइझर्सलाउटर्नच्या फ्राउनहोफर संस्थेत, २००५ च्या सुमारास. आधी नाव एफएचजीएफएस होतं, २०१४ मध्ये बदललं. क्लायंट, म्हणजे नोडवर बसणारा भाग, जीपीएलखाली आहे, पण सर्व्हरचा कोड नुसता वाचायला खुला आहे आणि त्याला वेगळ्या अटी आहेत. तत्त्वाच्या कसोटीवर लस्टर इथे सरळ पुढे आहे.

वेगाबद्दल थोडक्यात सांगतो. डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या मॉडेलच्या मोठाल्या नेटसीडीएफ फाइली लिहिताना मला दोन्हींत फरक जाणवला नाही. डिस्क आणि इन्फिनिबँड (नोड जोडणारं वेगवान नेटवर्क) आधी थकतात. ओपनफोमसारखा द्रवप्रवाहाचा प्रोग्रॅम दर टप्प्याला प्रत्येक प्रोसेसरच्या फोल्डरमध्ये बारक्या फाइलींचा ढीग घालतो, तेव्हा दोघांचीही दमछाक होते. लस्टरमध्ये २.११ पासून छोट्या फाइलीचा मजकूर थेट मेटाडेटा सर्व्हरवर (फाइलींची नावं आणि ठिकाणं यांची नोंद ठेवणाऱ्या) ठेवता येतो, त्याने बराच आराम पडतो. तरी मेटाडेटासाठी चांगल्या एसएसडी घ्याव्यात, मग निवड काहीही असो.

एक फरक मात्र विद्यार्थ्यांना रोज भोवतो. लस्टरमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर अख्खी फाइल एकाच ओएसटीवर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या एकाच घटकावर, जाते. कोणाची प्रचंड ट्रॅजेक्टरी (रेणूंच्या हालचालीची फाइल) एका ओएसटीवर साचते, तो काठोकाठ भरतो, आणि डीएफ या कमांडमध्ये एकूण टेराबाइट मोकळे दिसत असताना जॉब ‘जागा नाही’ म्हणून पडतो. यावर उपाय आहे. २.१० पासून फाइल वाढेल तशी ती जास्त ओएसटींवर पसरवता येते, पण ते ॲडमिनने लक्षात ठेवून लावावं लागतं. बीजीएफएस मुळातच फाइल चार टार्गेटवर (ओएसटीसारख्याच घटकांवर) वाटतं. नवशिक्यांना ते बरं पडतं.

माझा कौल मात्र ठरला तो कर्नलवरून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावरून.

क्लस्टरच्या लॉगिन नोडवर शेकडो खाती असतात. २०१६ च्या ऑक्टोबरात कर्नलमधली डर्टी काऊ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा साध्या खात्यावरून रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होता येत होतं. अशा वेळी कर्नलचा पॅच ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून ठेवता येत नाही. लस्टरचं क्लायंट मॉड्यूल (कर्नलमध्ये जोडला जाणारा भाग) ठरावीक कर्नलांना बांधलेलं असतं. डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारं साधन) त्याच मालिकेतला छोटा अपडेट बहुतेक वेळा निभावतो. पण रेड हॅट किंवा रॉकी लिनक्सची पुढची उप-आवृत्ती आली की कर्नलच्या आतली फंक्शनं बदलतात, मॉड्यूल कंपाइल होत नाही, आणि लस्टरची नवी आवृत्ती येईपर्यंत वाट पाहावी लागते. सर्व्हरवर तर आणखी आवळलेलं: तिथे डिस्कवर लागणारं एलडिस्कएफएस म्हणजे पॅच लावलेलं ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम), त्याचे पॅच कर्नलनुसार वेगळे. त्याऐवजी झेडएफएस घेतलं तर त्याचं स्वतंत्र मॉड्यूल आलं. त्यात इन्फिनिबँडचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर, ओफेड. कर्नल, ओफेड आणि लस्टर या तिघांचा पाय एकमेकांना बांधून शर्यत लावल्यासारखं होतं: एक पुढे गेला की बाकीचे आडवे. मे महिन्यात सगळे प्रबंधाच्या घाईत असताना हे जुळवत बसणं मला सोसेना.

बीजीएफएसचे सर्व्हर साध्या प्रोसेससारखे, एक्सएफएस आणि ईएक्सटी४वर चालतात. तिथे कर्नल बदलला, रीबूट केलं, काम संपलं. क्लायंटला मॉड्यूल लागतंच, पण नवा कर्नल दिसला की सर्व्हिस सुरू होताना ते स्वतःच बांधून घेतं. ओफेडचा मार्ग कॉन्फिगमध्ये एकदा लिहावा लागतो. अगदी कोऱ्या कर्नलवर तेही अडू शकतं, हे मान्य. पण माझ्याकडे ते क्वचित अडलं, आणि कर्नल अपडेटचा दिवस इतर दिवसांसारखा जाऊ लागला.

याची किंमत आहे, आणि ती लपवू नये. कोटा (प्रत्येकाच्या जागेची मर्यादा) आणि बडी मिररिंग (डेटाची दुसरी प्रत ठेवणं) या सोयी बीजीएफएसमध्ये सपोर्ट करार केल्याशिवाय प्रत्यक्ष कामात वापरायला परवानगी नाही. लस्टरमध्ये कोटा फुकट आहे. आम्ही स्क्रॅचवरच्या जुन्या फाइली ठरल्या मुदतीनंतर काढतो आणि त्यावर निभावतो. तुमच्याकडे वेगवेगळ्या प्रकल्पांच्या पैशांतून जागा वाटायची असेल आणि करारासाठी तरतूद नसेल, तर लस्टरला पर्याय नाही.

शेकडो नोड असतील, स्टोरेजसाठी वेगळा माणूस असेल किंवा पुरवठादाराचं तयार लस्टर यंत्र येणार असेल, तर मी लस्टरच घ्या म्हणेन. तिथे कर्नलची जुळवाजुळव दुसरा कोणीतरी करतो. पण क्लस्टर पाहणारी व्यक्तीच वाय-फायही पाहते आणि प्रॅक्टिकलही घेते, अशा विभागात मला बीजीएफएस जास्त माणसाळलेलं वाटतं.

काहीही निवडलंत तरी निविदेत एक अट घाला: स्वीकृती चाचणीच्या वेळी पुरवठादाराने तुमच्यासमोर एका नोडचा आणि एका स्टोरेज सर्व्हरचा कर्नल अपडेट करून स्क्रॅच पुन्हा माउंट करून दाखवायचं, आणि त्याच्या पायऱ्या लिहून द्यायच्या.